खदानीवरची बाई, तिचा मोबाइल आणि तिची तक्रार

दगडखाणीवर, क्रशरवर किंवा वीटभट्टीवर काम करणाऱ्या बाईला त्रास देणारा माणूस सहसा अनोळखी नसतो. हजेरी मांडणारा मुकादम, पाट्या मोजणारा सुपरवायझर, आठवड्याचा पगार वाटणारा कंत्राटदार, संध्याकाळी पाड्यावर सोडणाऱ्या गाडीचा चालक, यांच्यापैकीच तो कुणीतरी असतो. उद्याचे काम त्याच्या हातात असते आणि बाईचा मोबाइल नंबरही त्याच्याकडे असतो. त्यामुळे कामावरचा छळ आणि मोबाइलवरचा छळ या इथे दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. दुपारी खडीच्या ढिगाआड झालेला प्रकार रात्री मेसेजच्या रूपाने घरात शिरतो, आणि मेसेजला उत्तर दिले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी हजेरी कापली जाते. या हिंसेवरचा कोणताही उपाय म्हणूनच एका कसोटीवर पारखून घ्यावा लागतो. बाईची तक्रार त्याच माणसाच्या हातून पुढे जाणार आहे की त्याला वळसा घालून? असा वळसा घालण्याच्या वाटा कायद्याने करून ठेवल्या आहेत. पाड्यांपर्यंत मात्र त्यांची माहिती फारशी पोचलेली नाही.

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातले तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. घोलवड-बोर्डीचा किनारपट्टा चिकूच्या वाड्यांचा आहे. पूर्वेकडे मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या अंगाला दगड आणि मुरूम आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेले वाढवण बंदर, या साऱ्या कामांना भराव, खडी आणि दगड लागतो. दुसरीकडे, जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि तिथल्या कारखान्यांवर मर्यादा आल्या. पर्यावरणासाठी ते योग्यच झाले. पण रोजगार शोधणाऱ्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया कुटुंबांना उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांकडे, नाहीतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे जावे लागते. खदानीवर बायांच्या वाट्याला घमेली वाहणे, दगडातली माती-मुळे वेचणे, क्रशरखालची भुकटी झाडणे, कामगारांचा स्वयंपाक करणे अशी कामे येतात. यांतल्या बहुतेक कामांची कुठल्याच कागदावर नोंद नसते, आणि कागद नसलेल्या बाईला ‘ती आमच्याकडे कामालाच नव्हती’ असे म्हणून झटकणे सोपे जाते.

त्यात बयाण्याची भर. पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचललेले पैसे दिवाळीनंतर अंगमेहनतीने फेडायचे, हा या भागातला जुना रिवाज आहे. बयाणा अंगावर असला की बाई काम सोडू शकत नाही, आणि ते त्रास देणाऱ्याला पक्के ठाऊक असते. अशा स्थितीत १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा उपयोगी पडतो. उचल फिटेपर्यंत काम सोडू न देणे, दुसरीकडे जाऊ न देणे हे या कायद्याने गुन्हा आहे, आणि वेठबिगारी सिद्ध झाली की ते कर्जच रद्द होते. त्यासाठी तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. लैंगिक छळाच्या तक्रारीसोबत बयाण्याची रक्कम, तारीख आणि ती कुणी दिली हे लिहिले, तर बाई इतके दिवस गप्प का राहिली याचे उत्तरही त्याच कागदावर मिळते.

या मुलखाला हा प्रश्न नवा नाही. जमीनदारांच्या वाड्यांवर आणि शेतांवर वारली स्त्रियांचा लैंगिक छळ होई, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही ‘लग्नगडी’ म्हणून जन्मभर राबत. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या लढ्याची हकिकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आजच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की नकार एकटीदुकटीने दिला नव्हता. कायदा हातात असूनही आज खदानीवरची एकटी बाई दबकते, तेव्हा तिच्या बाजूने आणखी चार नावे उभी करणे हे मदत करणाऱ्यांचे पहिले काम ठरते.

सध्याच्या कायद्याची सुरुवातही खेड्यातल्या कामकरी बाईपासूनच झाली. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या ग्रामीण कार्यकर्तीवर १९९२ मध्ये बलात्कार झाला. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि त्यांचा पुढे २०१३ चा कायदा झाला. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध, मनाई आणि निवारण करणारा हा कायदा ‘पॉश’ या नावाने ओळखला जातो. शहरी कार्यालयांत त्याची पोस्टर लागलेली दिसतात, म्हणून तो कार्यालयांपुरताच असल्याचा समज झाला आहे. प्रत्यक्षात रोजंदारीवरची, कंत्राटदाराने आणलेली, पगार न घेता काम करणारी, मूळ मालकाला जिचे नावही माहीत नाही अशी प्रत्येक बाई या कायद्यात कर्मचारी आहे. कामानिमित्त जिथे जावे लागते ती प्रत्येक जागा आणि मालकाने दिलेली गाडीदेखील कामाची जागा आहे. म्हणजे खदानीतून पाड्यावर सोडणाऱ्या डंपरच्या केबिनमध्ये झालेला प्रकारही कामावरचाच प्रकार ठरतो.

लैंगिक छळ म्हणजे केवळ अंगाला हात लावणे नव्हे. शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे बोलणे, अश्लील चित्र किंवा व्हिडिओ दाखवणे, नको असलेला कोणताही लैंगिक इशारा किंवा वागणूक त्यात येते. त्याच्या जोडीला ‘हलके काम देतो’ असे आमिष, ‘उद्यापासून येऊ नकोस’ अशी धमकी किंवा बाईला काम करणे अशक्य व्हावे असे वातावरण, यांचाही कायद्याने विचार केला आहे. व्हॉट्सअॅपवर रात्री अकराला सुपरवायझरने पाठवलेला व्हिडिओ या व्याख्येतून सुटत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २१ जून २०१९ रोजी स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारात तर कामावर येण्याजाण्याचा रस्ता, मालकाने दिलेली राहण्याची जागा आणि कामाशी जोडलेले मोबाइलवरचे बोलणे हे सगळे कामाच्या जगाचाच भाग म्हणून स्पष्ट लिहिले आहे. भारताने त्या करारावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. ती उमटवायला हवी.

तक्रार कुठे द्यायची

दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची असावी लागते. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण खदानीवर दहा माणसे मोजायची कशी, इथेच गोम आहे. क्रशर एकाच्या नावावर, डंपर दुसऱ्याचे, मजूर तिसऱ्याने आणलेले, असे तुकडे पाडून कुणाच्याच नावावर दहा माणसे दिसू दिली जात नाहीत. मोजताना कंत्राटी, रोजंदारी आणि तात्पुरती माणसेही धरायची असतात, हे कामगारांनी आणि अधिकाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

समिती नसेल, माणसे दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. खदानीवरच्या बाईसाठी हाच खरा दरवाजा आहे. ही समिती सरकारी असते, मालकाची नसते. कायद्याने आणखी एक सोय केली आहे, तिची फार थोड्यांना कल्पना असते. ग्रामीण आणि आदिवासी भागात प्रत्येक तालुक्यासाठी एक नोडल अधिकारी नेमावा लागतो. बाईने तक्रार त्याच्याकडे द्यायची आणि त्याने ती सात दिवसांच्या आत स्थानिक समितीकडे पाठवायची. म्हणजे तलासरीच्या बाईने तक्रारीसाठी मजुरी बुडवून पालघर गाठायची गरज नाही. तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, हे तहसील कार्यालयात, पंचायत समितीत किंवा बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारावे. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात लेखी मागावे. असे विचारणारे चार अर्ज गेले तरी पुष्कळदा नेमणुकीला वेग येतो. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणावरून पुढे गेलेल्या ऑरेलियानो फर्नांडिस खटल्यात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दशकभरानंतरही कायदा नीट अमलात येत नसल्याबद्दल कठोर शब्द वापरले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या व तालुक्याचे नोडल अधिकारी नेमण्यासाठी मुदती घालून दिल्या. त्यामुळे ‘आमच्याकडे अजून नेमणूक झाली नाही’ हे उत्तर आता कोणत्याही कार्यालयाने देऊ नये, आणि दिले तर ते लेखी घ्यावे. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. बचत गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला ते सहज जमते.

काम सीमेपलीकडे असेल, उदाहरणार्थ उंबरगाव किंवा सरीगामच्या कारखान्यात, तर अंतर्गत समिती त्या कारखान्याची आणि स्थानिक समिती वलसाड जिल्ह्याची. बाई महाराष्ट्रात राहते म्हणून तिचा हक्क कमी होत नाही.

मुदतीचे गणित मात्र नीट समजून घ्यावे लागते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. प्रकार पुन्हा पुन्हा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. भट्टीचा आणि खदानीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडावर संपतो. जानेवारीत छळ झालेली बाई मे अखेरीला घरी परतते, तोवर तीन महिने उलटून गेलेले असतात. कायदा हंगामाचे हे वेळापत्रक धरून लिहिलेला नाही. पण मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवण्याचा अधिकार समितीला आहे. त्यासाठी उशिराचे कारण तक्रारीतच मांडावे. कामाच्या जागीच राहणे, बयाणा अंगावर असणे, स्वतःचा फोन नसणे, बाहेर पडू न देणे, ही सगळी खरी कारणे आहेत आणि ती संकोच न करता लिहावीत. पोलीस तक्रारीला ही तीन महिन्यांची अट लागू नाही.

तक्रार कशी लिहावी यावर पुढचे बरेच काही ठरते. ‘तो माझ्याशी वाईट वागला’ एवढ्यावर चौकशी उभी राहत नाही. ‘मंगळवारी दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत वजनकाट्याच्या खोलीमागे त्याने माझा हात धरला. आजची हजेरी लावायची असेल तर थांब, असे तो म्हणाला. मी हात सोडवून पळाले. पाण्याच्या टाकीजवळ माझ्यासोबतच्या दोघी होत्या, त्यांना मी तेव्हाच सांगितले,’ असे लिहिले की दिवस, वेळ, जागा, बोललेले शब्द आणि साक्षीदार सगळे एका परिच्छेदात येते. तारीख आठवत नसेल तर बाजाराचा दिवस, होळीच्या आधी की नंतर, सुरुंग उडाला तो दिवस, अशी खूण चालते. वारली बोलीतले तिचे शब्द आहेत तसे ठेवावेत. ते ‘शुद्ध’ करताना अर्थ बदलतो आणि उलटतपासणीत बाई अडकते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणे हे समितीच्या अध्यक्षांचे किंवा सदस्यांचे कर्तव्य आहे. नियमाप्रमाणे सहा प्रती द्याव्या लागतात. सातवी स्वतःजवळ ठेवून तिच्यावर शिक्का आणि तारखेची पोच घ्यावी.

तक्रारीची प्रत कामकाजाच्या सात दिवसांत समोरच्या माणसाला जाते, त्याने कामकाजाच्या दहा दिवसांत म्हणणे द्यायचे, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची. या काळात बाईला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते किंवा दोघांपैकी एकाची बदली दुसऱ्या जागी होऊ शकते. बदली त्याची मागावी. तिला दूरच्या खदानीवर पाठवणे ही सोय नसून शिक्षा होते. वकील आणायला दोघांनाही परवानगी नाही, त्यामुळे मालकाच्या वकिलाची भीती बाळगू नये. बाईचे नाव आणि प्रकरणाचा तपशील बाहेर फोडणे हा कायद्याचा भंग आहे. आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही: पुरावा कमी पडला एवढ्यावरून बाईवर कारवाई करता येत नाही, हे कायद्यात शब्दशः लिहिले आहे. ‘खोटी तक्रार केलीस तर तूच आत जाशील’ ही धमकी सर्रास दिली जाते, म्हणून हे वाक्य प्रत्येक बैठकीत वाचून दाखवावे.

एक सवय मोडायला हवी. पाड्यावर बैठक बसवून, दंड ठरवून, पैसे आणि कोंबडी-दारूवर प्रकरण मिटवले जाते. कायद्यात समेट आहे, पण तो फक्त बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या बदल्यात तो करता येत नाही.

मोबाइलवरची हिंसा

मजुरी खात्यावर किंवा फोनवरून जमा होऊ लागली, तसे बायांचे नंबर सुपरवायझरच्या फोनमध्ये गेले. अनेक घरांत फोन एकच असतो, सिम नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर असते आणि पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो. इथून त्रास अनेक रूपांनी येतो: रात्रीचे व्हिडिओ कॉल, अश्लील मेसेज, आंघोळ करताना चोरून काढलेले चित्रण, फेसबुकवरचा फोटो उचलून तयार केलेले खोटे नग्न चित्र, प्रेमात असताना घेतलेला व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकण्याची धमकी. खदानीवर उघड्यावर नहाणीघर असणे हा मोबाइल हिंसेचाच भाग आहे, कारण आडोसा नसेल तर कॅमेऱ्याला अडवणार कोण?

पहिला नियम असा की काहीही पुसायचे नाही. घाबरून किंवा लाजेने बाई सगळे चॅट उडवते, आणि पुरावा तिथेच संपतो. मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. व्हॉट्सअॅपवर नाव ‘दादा’ असे सेव्ह असेल तर त्या नावावर बोट ठेवून आतला नंबर उघडावा आणि त्याचाही फोटो घ्यावा. आपोआप नाहीसे होणारे मेसेज असतील तर दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढावा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर नाव बदलता येते, म्हणून प्रोफाइलची लिंक उतरवून घ्यावी. हे सगळे झाल्यावरच ब्लॉक आणि रिपोर्ट करावे. ब्लॉक करताना चॅट पुसण्याचा पर्याय पुढे येतो, त्याची खूण काढून टाकावी. मूळ फोन विकू नये, फॉरमॅट मारू नये, कारण न्यायालयात त्याच फोनमधल्या मजकुराचे प्रमाणपत्र लागते. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहावे. आपले खाते दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर चालू असेल तर ते तिथे दिसते. त्याचा फोटो घेऊन ते बंद करावे आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी.

पैशाची किंवा भेटीची मागणी पूर्ण केल्याने ब्लॅकमेल थांबत नाही, उलट वाढते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. तिथे स्त्रिया आणि मुलांच्या लैंगिक छळाची तक्रार नाव न देताही नोंदवण्याची सोय आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. नग्न किंवा खासगी चित्र कुठे टाकले गेले असेल तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपनीवर ते काढायची जबाबदारी टाकली आणि बाईच्या तक्रारीनंतर २४ तासांची मुदत घातली. चित्र अजून पसरले नसेल आणि धमकी मिळाली असेल, तर ‘स्टॉपएनसीआयआय’ या सेवेवर चित्राची संगणकीय खूण तयार करता येते; चित्र फोनबाहेर जात नाही, पण सेवेत सामील असलेल्या कंपन्यांना ते ओळखून अडवता येते. ही सोय अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे.

मुलगी अठराच्या आतली असेल तर मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागतो आणि गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना देण्याचे बंधन येते. अशा वेळी ‘पुरावा’ म्हणून तो व्हिडिओ सरपंचाला, शिक्षकाला, ग्रुपवर पाठवणे हा स्वतःच गुन्हा आहे. फोन जसाच्या तसा पोलिसांकडे न्यावा. लहान मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

घरच्यांचे वागणे इथे फार मोलाचे ठरते. मुलीला घाणेरडा मेसेज आला की तिचाच फोन काढून घेतला जातो, तिचे कॉलेज बंद होते, घाईने लग्न लावले जाते. पुढच्या वेळी ती घरात सांगत नाही, आणि धमकी देणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

पोलीस, सीमा आणि आदिवासी असणे

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. लैंगिक छळ कलम ७५ मध्ये, विनयभंगाच्या हेतूने केलेला हल्ला ७४ मध्ये, चोरून पाहणे किंवा चित्रण करणे ७७ मध्ये, पाठलाग करणे आणि मोबाइलवर मागे लागणे ७८ मध्ये, शब्द किंवा हावभावाने केलेला अपमान ७९ मध्ये येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ई, ६७ आणि ६७ए ही कलमे खासगी व अश्लील मजकुराला लागू होतात. पॉश समितीची चौकशी आणि पोलीस तक्रार या दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात. बाईला गुन्हा नोंदवायचा असेल तर तिला मदत करणे हे मालकाचेही कर्तव्य आहे.

गुन्हा कुठेही घडला असो, तो कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘शून्य क्रमांकाने’ नोंदवता येतो. राज्याची हद्द जवळ असलेल्या या भागात हे फार उपयोगाचे आहे. वापीला घडलेल्या गुन्ह्याची तक्रार घोलवड किंवा तलासरीच्या ठाण्यात घ्यावी लागते आणि पुढे गुजरातकडे पाठवावी लागते. लैंगिक गुन्ह्यात बाईचे म्हणणे महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायचे असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात टाळाटाळ झाली तर तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावी आणि पावती जपून ठेवावी.

बाई अनुसूचित जमातीची असेल आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. आदिवासी स्त्रीला लैंगिक हेतूने स्पर्श करणे, तसे शब्द किंवा हावभाव वापरणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. या कायद्यात अटकपूर्व जामिनाला मनाई आहे, तपास किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो आणि बाईला अर्थसाहाय्य मिळते. पुष्कळदा फिर्यादीत जमातीचा उल्लेखच होत नाही आणि हे संरक्षण हुकते. म्हणून पहिल्याच जबाबात आपली जमात आणि आरोपीचा समाज, माहीत असेल तसा, सांगावा.

बलात्कार झाला असेल तर आधी दवाखाना गाठावा. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार लगेच दिलेच पाहिजेत; पोलिसांचे पत्र आणा, असे सांगून परत पाठवता येत नाही. कपडे धुऊ नयेत, कोरडे करून कागदात गुंडाळून ठेवावेत. तपासणीसाठी बाईची संमती लागते. महाराष्ट्राच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळते. त्याचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता वकीलही मोफत मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि स्त्रियांसाठी १८१.

मालक आणि ग्रामसभा

मोठ्या कंपन्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. रिओ टिंटो या जगभर खाणी चालवणाऱ्या कंपनीने स्वतःच करवून घेतलेला अहवाल फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २८ टक्के स्त्रियांनी कामावर लैंगिक छळ झाल्याचे सांगितले होते. भारतात १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखाली आणि रात्रीच्या कामाला मनाई केली होती. जानेवारी २०१९ मध्ये ती सैल करताना सरकारने अटी घातल्या: लेखी संमती, सुरक्षिततेची व्यवस्था आणि पाळीत किमान तिघी स्त्रिया. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही रात्रीच्या कामासाठी स्त्रीची संमती बंधनकारक ठेवली. किमान तिघींचा नियम छोट्या क्रशरवरही पाळण्यासारखा आहे. एकट्या बाईला अंधार पडेपर्यंत थांबवू नये, ही साधी शिस्त अनेक प्रकार मुळातच टाळते.

मालकाने समितीच्या सदस्यांची नावे आणि शिक्षेची माहिती दिसेल अशा जागी लावणे बंधनकारक आहे. पाटी मराठीत आणि हिंदीत असावी, पाण्याच्या टाकीजवळ असावी, मालकाच्या केबिनमध्ये नव्हे. दार-कडीचे शौचालय आणि नहाणी, वजनकाट्यापाशी दिवा, बायांना डंपरऐवजी प्रवासी गाडीतून ने-आण, आणि बायांची हजेरी बाईनेच मांडणे, ही खर्चाची मोठी कामे नाहीत. बंदर, रेल्वे आणि महामार्गाच्या मुख्य ठेकेदारांनी खडी पुरवणाऱ्यांशी करार करताना या बाबी अट म्हणून लिहिल्या, तर गल्लीबोळातल्या क्रशरपर्यंत त्या पोचतील.

ग्रामसभेच्या हातात तर याहून मोठे साधन आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभा किंवा पंचायतीची शिफारस लागते, आणि दगड, मुरूम, रेती ही सगळी गौण खनिजेच आहेत. खाणपट्ट्याचा विषय आला की चर्चा रस्ता, धूळ आणि सुरुंगाच्या तड्यांवर होते. ती व्हायलाच हवी. त्याच ठरावात अंतर्गत समितीची नावे, नहाणी-शौचालय, गाडीची व्यवस्था आणि मजूर बायांची नोंदवही या अटीही घालता येतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. ती सभा सही घेण्यापुरती न घेता तिथेच या अटी ठरवाव्यात आणि महिला सभेचा ठराव म्हणून ग्रामसभेत मांडाव्यात, म्हणजे मुकादमासमोर एकट्या बाईला बोलायची वेळ येत नाही. खाणींकडून जमा होणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी स्त्रिया आणि मुलांच्या कल्याणासाठी वापरता येतो. खदानीच्या रस्त्यावरचे दिवे किंवा पाळणाघर त्यातून मागता येते.

ठराव झाल्यावर त्याची प्रत तहसीलदार, जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि स्थानिक समितीला द्यावी, आणि पोच ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावावी. वर्षातून एकदा महिला सभेच्या चार-पाच जणींनी दुपारच्या वेळी खदानीवर जाऊन पाटी लावलेली आहे का, नहाणीला कडी आहे का, नोंदवहीत प्रत्यक्ष कामावर असलेल्या बायांची नावे आहेत का, हे पाहावे. दरवर्षी किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, याचा अहवाल समितीने जिल्हा अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. त्या अहवालात शून्य लिहिलेले असेल, तर महिला सभेने नोडल अधिकाऱ्याला गावात बोलावून घ्यावे आणि त्याचा फोन नंबर सगळ्या बायांसमोर वाचायला लावावा.